पाठ पिवळी, पोट काळं

पेणला गणपतीचे कारखाने किती, असं विचारणाऱ्यानं आधी घरं मोजावीत, ते सोपं पडेल. त्यातल्याच एका कारखान्यात महिपती आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. साचा काढणारे वेगळे, घासणारे वेगळे, अंगाला रंग मारणारे वेगळे. सगळ्यांचं आटपलं की महिपतीनं पाटावर बसायचं, श्वास धरायचा आणि बारीक कुंचल्यानं भुवई, पापणी, बुबुळ ओढायचं. वर्षानुवर्षं असं बसून त्याला एक खोड लागली होती. हात मूर्तीवर चालायचा आणि चित्त कौलांच्या वर कुठंतरी तरंगत असायचं. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायचा, जेवायला बसला तर भातावर पाण्याचा तांब्या ओतायचा. "ह्यांचं धड पेणला आनि मुंडकं ढगात," असं त्याची बायको शांती म्हणायची. यात खोटं काही नव्हतं.

अशा माणसाला विमानाचं वेड लागलं यात नवल नाही. नवल एवढंच की ते पन्नाशीला टेकल्यावर लागलं.

झालं असं, की माघी गणपतीच्या एका मूर्तीचं बोट वाटेत दुखावलं म्हणून महिपती रोह्याजवळच्या अष्टमी गावाला गेला होता. बोट जोडून, रंग लावून तो स्कूटरवरून परत निघाला, तर नदीकाठच्या शेतांवर त्याला गुणगुण ऐकू आली. भात केव्हाच कापून झालं होतं, बहुतेक शेतांत वाल हिरवागार उभा होता, आणि त्या वालावर एक पांढरं विमान फिरत होतं. फार मोठं नाही, हात पसरले की त्यात मावेल एवढं. ते इतकं सावकाश फिरत होतं की त्याला कुठं जायचंच नाही असं वाटत होतं. महिपतीनं स्कूटर रस्त्यातच उभी केली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं त्याचा उद्धार केला, तो त्याच्या कानापर्यंत पोचला नाही.

शेताच्या कडेला स्टुलावर एक काटकुळा म्हातारा बसला होता. डोक्याला टोपी, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला रिमोट. तो मान वर करून म्हणाला, "काय रे बघतोस उभा ऱ्हावून? हिकडं ये."

हे आयझॅक अष्टमकर, सगळ्यांचे आयझॅकमामा. रोहे-अष्टमीत एकेकाळी इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची चांगली आळी होती. घाणा चालवणारे, शनिवारी बैल सोडून ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. हळूहळू सगळे इस्रायलला गेले. मामा राहिले. कंपनीत शिफ्टा करत त्यांनी यंत्रांची नाडी बघण्यात जन्म काढला, मुलगी सिपोरा लग्न होऊन इस्रायलमध्ये अश्दोदला गेली, बायको फ्लोरा देवाघरी गेली, तरी मामा राहिले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तिकडं मला कोन वालाचं बिरडं करून घालनार?"

मामांनी महिपतीच्या हातात सरळ रिमोटच दिला. महिपती घाबरून म्हणाला, "मामा, पडंल."

"नाय पडत. ही म्हातारी हाय. तुला काय कळंनासं झालं की हात सोडायचा. ती आपली आपन सरळ व्हते."

म्हातारी हे त्या विमानाचं नाव. वाऱ्यावर तरंगत जाणाऱ्या सावरीच्या म्हातारीवरून ठेवलेलं. शिकाऊ माणसासाठीच ते विमान केलेलं होतं. पंख डोक्यावर बसवलेले, दोन्ही टोकांना किंचित वर उचललेले, त्यामुळे अंगचंच शहाणपण इतकं की चालवणाऱ्याला अक्कल नसली तरी चालायचं. वेडीवाकडी वळवा, घाबरा, हात सोडा, ती दोन हेलकावे खाऊन पुन्हा सरळ. महिपतीनं रिमोटवरची स्टिक अंगठ्यानं जरा ढकलली. वर आभाळात पांढरे पंख कलले. आपल्या अंगठ्यानं ते कलले, हे त्याला पटायलाच वेळ लागला. मग त्याला वाटलं की आपण खाली उभेच नाही. तो वर होता. खाली कुंडलिका नदी चकाकत होती, रेल्वेचे रूळ उन्हात पडले होते, आणि शेताच्या कडेला आपलंच टक्कल दिसत होतं.

त्या दिवसापासून महिपतीचा रविवार शांतीच्या हिशेबातून गेला. सकाळी सकाळी पेणहून निघायचं, गडबला टपरीवर चहा मारायचा, नागोठण्यावरून रोहे गाठायचं. शनिवारी मामा विमानाला हात लावायचे नाहीत, रविवारी सोडायचे नाहीत. शेत गुणाजीचं होतं. त्यानं मामांसाठी शेताच्या मधोमध एक पट्टा वाल न पेरता मोकळा ठेवला होता, आणि त्याच्या बदल्यात रोज टोमणे मारायचा हक्क राखून ठेवला होता. "मामा, तुमचं इमान माज्या वालात पडलं ना, तर शेंगांबरोबर पोपटीच्या मडक्यात भाजायला घालीन हां," असं तो दर रविवारी न चुकता म्हणायचा.

दोन हंगाम गेले. म्हातारी उडवण्यात महिपती तयार झाला. विमान आपल्याकडं येत असलं की डावं-उजवं उलटं होतं. त्यावर मामांनी तोडगा सांगितला होता, "जो पंख खाली झुकंल त्याच बाजूला स्टिक. जसा काय त्याला खालून टेकू देतोस." तेही त्याच्या अंगवळणी पडलं. आता तो म्हातारीला वर ठेवून गुणाजीशी गप्पा मारायचा, विडी पेटवायचा, एकदा तर डोळे मिटून बसला. डोळे उघडले तर ती होती तिथंच, कुणी झोपाळ्यावर बसावं तशी. मामा कौतुकानं हसायचे. पण एके दिवशी ते म्हणाले, "महिपती, आता ती तुला उडवते. तू तिला उडवत नायस."

ते वाक्य त्याच्या मनाला लागलं, कारण ते खरं होतं.

मामांच्या माडीवर दुसरं एक विमान होतं. फ्लोराबाई गेल्यावर मामांनी ते करायला घेतलं होतं. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या हातानं कापून, एकेक जोडून, वर पातळ कागद ताणून. त्याचे पंख डोक्यावर नव्हते, पोटाखाली होते, आणि अगदी सरळ. पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या होत्या, एक वर गेली की दुसरी खाली. त्या पट्ट्यांनी विमान कुशीवर वळायचं, पालथं व्हायचं, पुन्हा सुलटं व्हायचं. कोरं करकरीत विमान, रंगाचा थेंब नाही, आभाळ कधी बघितलेलं नाही.

"हिचं नाव फ्लोरा," मामा म्हणाले. "सोडशील तशी ऱ्हाते ही. तिरकी सोडलीस तिरकी, उलटी सोडलीस उलटी. आपली आपन सरळ व्हनार नाय. माजी फ्लोरा तशीच व्हती. समजूत काढायला लागायची."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सिपोरा यंदा होळीच्या सुमाराला न्यायला येणार होती. वय झालं, साखर वाढलेली, एकट्यानं राहणं आता जमत नव्हतं. विमान काही तिकडं नेता येत नाही. "जायच्या आधी हिला एकदा उडताना बघायचंय मला. बस, येवढंच. उडवायची तू. रंगपन तूच दे, तू काय साधा रंगारी हायस व्हय?"

महिपती फ्लोराला मांडीवर घेतल्यासारखी घेऊन पेणला आला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्यानं त्या दिवशी मान दिला.

आणि इथंच त्यानं घोटाळा केला. तो पेणच्या माणसानंच करावा असा घोटाळा होता. कारखान्याचे मालक दाजी, त्याचे गुरू. त्यांची एक शिकवण साऱ्या कारागिरांच्या अंगात मुरली होती. देवाची पाठ उघडी ठेवायची नाही. काही लोक समोरून मूर्ती झगमगीत करतात आणि पाठीला नुसता हात मारून सोडतात. दाजींना त्याची चीड. "मिरवणुकीत निम्मं गाव मागून चालतं. त्यांनी काय पाप केलं?" असं ते विचारायचे. पुढून जितका पितांबर, तितकाच मागून. त्यांच्या मूर्तीची पाठ बघून गिऱ्हाईक गप्प व्हायचं.

महिपतीनं फ्लोराला पितांबराचा पिवळा दिला. रंग फवारायच्या बंदुकीनं, अगदी विरळ, वजन वाढू नये म्हणून. त्यावर कुंकवाच्या रंगाचे पट्टे, पट्ट्यांना सोनेरी बारीक रेघ. वरून जसं, हुबेहूब तसंच खालून. एक रेघ इकडची तिकडं नाही. कारखान्यातली सगळी मंडळी भोवती जमली, दाजींनी उलटीसुलटी करून बघितली आणि मान डोलावली. दाजींची मान म्हणजे सोपी गोष्ट नव्हे. महिपती आठवडाभर जमिनीवर नव्हता.

रविवारी मामांनी विमान हातात घेतलं, वरून खालून हात फिरवला आणि म्हणाले, "सुंदर. काय गुळगुळीत झालंय रे!" आणि खाली ठेवलं.

वाल शेंगांनी लगडला होता, सकाळचं धुकं नुकतंच विरत होतं. मोकळ्या पट्ट्यावरून फ्लोरा धावली आणि उचलली गेली. काय सांगावं! म्हातारी तरंगायची, ही धावायची. अंगठा हलायच्या आधीच ती हललेली असायची. त्यानं तिला कुशीवर घेतलं, ती वळली. पुन्हा सरळ केलं, ती सरळ झाली. पितांबर उन्हात चमकला. तो पुन्हा वर गेला, मनानं, अंगानं, सगळाच. आता तर कोकणच्या साऱ्या खाड्या आपल्या पायाखाली आहेत असं त्याला वाटायला लागलं. तेवढ्यात ती नदीच्या अंगाला दूर गेली आणि एवढीशी झाली.

त्यानं तिला वळवलं, पण ती गरजेपेक्षा जास्तच कलली. लांबवर पिवळं आणि त्यावर लाल पट्टे दिसले. आणि त्याला कळेना, हे पाठीवरचे पट्टे की पोटावरचे? ती इकडं येते आहे की तिकडं जाते आहे? दोन्ही बाजू सारख्याच सुंदर, सांगणार कोण? गोंधळला तशी जुनी सवय धावून आली, त्यानं हात सोडला. म्हातारी असती तर सरळ झाली असती. फ्लोरा होती तशीच राहिली, आणि ती होती पालथी. नाक जरा झुकलं, म्हणून त्यानं ते उचलायला स्टिक मागं ओढली. पालथ्या विमानाला वर म्हणजे खाली. ती सरळ वालात घुसली.

गुणाजी "मेलो, मेलो!" करत तिकडं धावला. महिपती रिमोट धरून जागीच उभा होता. त्याच्या शेजारी मामा नदीऐवजी डोंगराकडं तोंड करून, गालात हसत बसले होते. मोटरचा आवाज थांबला होता.

"उतरली का रे नीट?" त्यांनी विचारलं.

महिपतीनं त्यांच्याकडं बघितलं. "मामा, पडली ती. वालात."

मामांचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, काढायचं विसरल्यासारखं. मग त्यांनी विचारलं, "खालनं रंग कुठला दिलास?"

"वरचाच. दोन्हीकडं सारखा. पाठ उघडी ठेवायची नाय, दाजींनी शिकवलंय ना."

"अरे बाबा, देव जागचा फिरत नाय. ही फिरते! वरचा रंग एक, खालचा येगळा, नायतर लांबनं कळनार कसं? हे काय सांगायला पायजे व्हतं?"

"तुमी हातात घेऊन सुंदर म्हनालात की."

"हात फिरवून म्हनालो. बघून नाय म्हनालो." मामांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "मला दिसत नाय रे, महिपती. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले. म्हातारीचा नुसता आवाज ऐकत व्हतो गेल्या सालापासनं. मानूस समोर आला तर सावली दिसते, काळं-उजळ कळतं. सिपोराला अजून सांगितलं नाय. तुला सांगितलं असतं, तर तू काय मला दाखवायला ही उडवली असतीस?"

महिपतीला राग आला, मग रागाची लाज वाटली, आणि मग काहीच न सुचून तो वालात शिरला. उजवा पंख मोडला होता, नाकाचा चुरा झाला होता. कागदाला भोकं पडून आतल्या फासळ्या दिसत होत्या. गुणाजीनं तुटलेला तुकडा उचलून दिला. त्या दिवशी त्यानं पोपटीचं नाव काढलं नाही.

मामांना एकदा बघायचं होतं, आणि दिसत तर नव्हतं. महिपतीच्या डोक्यात ते घर करून बसलं. जवळून नेली तर? अगदी जवळून, डोक्यावरून हातभर? काळं-उजळ कळतं म्हणाले ना?

दुरुस्तीला मामा आणि तो माडीवर बसायचे. मामा बोटांनी फासळ्या चाचपायचे, कुठली कुठं जोडायची ते सांगायचे. त्यांच्या बोटांना ते विमान पाठ होतं. फ्लोराबाईंच्या गोष्टी निघायच्या. ती माणसांशी भांडायची कशी आणि भांडून झालं की त्याच माणसाला जेवायला कशी बसवायची, हे ऐकता ऐकता पंख कधी जुळला ते कळलंही नाही.

मग राहिला रंग. कारखान्यात भर दुपारी महिपतीनं फ्लोरा उताणी ठेवली, काळ्याचा डबा उघडला आणि शटरला रंग मारायचा रुंद ब्रश हातात घेतला. पोटावरचा पितांबर अजून तसाच होता, सोनेरी रेघा लखलखीत. आजवर त्यानं कुणाच्या अंगावर असला ब्रश चालवला नव्हता. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. आपण केलेल्या कामाच्या तोंडाला आपणच काळं फासायचं, आणि तेही पट्टा-बिट्टा नाही, सबंध पोट, कारण जितकं जास्त काळं तितकं त्या म्हाताऱ्याला दिसायची आशा जास्त.

तिसरा फटकारा मारतोय तोवर दाजी मागं येऊन उभे.

"हे काय चाललंय?"

महिपतीनं न वळता सगळं सांगितलं. पडली कशी, मामांचे डोळे, सिपोरा येणार ते. बोलून झाल्यावर तो बोलणी खायला तयार होऊन बसला. दाजींनी काळे फटकारे बघितले. मग वाकून म्हणाले, "कडेची रेघ तरी सरळ मार. लपालपा काय मारतोस गाढवासारखा?"

त्यानं कडेची रेघ सरळ मारली.

त्यानंतरचे रविवार महिपतीनं जन्मात कधी घेतली नव्हती एवढी मेहनत घेतली. आता लांबूनही कळायचं. काळं दिसलं की ती सुलटी, पिवळं झळकलं की पालथी किंवा आपल्याकडं कललेली. हात सोडायची सवय मात्र हाडात होती, ती काढायला फार त्रास पडला. शेवटी ती सुटली, आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. म्हातारीला वर ठेवून विडी ओढता यायची, फ्लोरावरून नजर क्षणभरही काढता येत नाही. ती उडते तोवर जगात दुसरं काही नसतं. ढगात मुंडकं घालून हिंडणाऱ्या त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं एका जागी धरून ठेवलं होतं. आणि गंमत म्हणजे त्याला तेच स्वप्न वाटायचं. रात्री झोपेत अंगठे हलायचे आणि शांती त्यांच्यावर चापट मारायची.

पण ही सगळी उडवाउडवी उंचावर चालली होती. महिपती विचारायचा, "पाठ पिवळी, पोट काळं केलंय, दिसली मामा?" आणि मामा म्हणायचे, "ऐकू येते. चांगली गाते." ते समजूतदारपणे म्हणायचे, म्हणून जास्तच लागायचं.

सिपोरा आली. सामान बांधलं जायला लागलं. प्रवासाला निघण्याआधी घरात मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करायचा होता, त्यासाठी महिपती पेणहून पोहे घेऊन आला. हा शेवटचा रविवार. मलिदा संध्याकाळी, सकाळ विमानाची. वाल निघून शेत मोकळं झालं होतं. गुणाजीनं मामांना धरून आणलं. वारा पडलेला होता, ऊन पाठीशी होतं.

"आज खालनं आननार हाय," महिपती म्हणाला. "अगदी तुमच्या समोरनं."

"नको. पडली तर आता जोडायला येळ नाय."

"पडली तर पडली मामा. वर ठेवून तरी कुनासाठी ठेवायची?"

मामा स्टूल सोडून उठले. महिपतीच्या मागं येऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अंगठ्यांना धक्का लागणार नाही असा. फ्लोरा धावली, उचलली, वळून लांब गेली. महिपतीनं तिला खाली आणायला सुरुवात केली. झाडांच्या शेंड्यांएवढी, मग घराएवढी, मग गुणाजीनं काठी वर धरली तर लागेल एवढी. ती समोरून सुसाट गेली.

"काय तरी गेलं," मामा म्हणाले. "काळं. डावीकडनं उजवीकडं गेलं ना?"

"व्हय," महिपती म्हणाला. त्यापेक्षा जास्त बोलायला त्याला सवड नव्हती. तो तिला पुन्हा वळवत होता.

दुसऱ्या खेपेला त्यानं वेग जरा कमी केला, आणि ती समोर येताच स्टिक कडेला दाबून धरली. एवढ्या खाली कुशीवर फिरवणं म्हणजे वेडेपणा. जरा हात चुकला तर मामांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, सगळं संपणार. फ्लोरा फिरली.

"काळी," मामा म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज चढला, "पिवळी! अरे पिवळी! काळी! पिवळी!"

खांद्यावरची बोटं रुतायला लागली. महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. त्यानं पापण्या जोरानं मिटून उघडल्या, तेवढ्यात ती बाभळीच्या झाडाजवळ पोचली होती. कशीबशी वळवली. बॅटरी उतरत आली होती, मोटरचा सूर खाली यायला लागला होता. एक खेप होती अजून.

त्या खेपेला त्यानं तिला पालथी केली आणि पालथीच ठेवली. नाक झुकू नये म्हणून स्टिक ओढायची नाही, ओढूनच त्यानं एकदा तिला मारली होती; आता पुढं ढकलायची. तो ढकलत राहिला. फ्लोरा पितांबरी पाठ खाली करून, उन्हात, त्यांच्यासमोरून सगळा पट्टा ओलांडत गेली.

"पिवळी," मामा म्हणत होते, "पिवळी, पिवळी, पिवळी..." ती दिसेनाशी होईपर्यंत म्हणत होते. मग खांद्यावरचा हात निघाला.

महिपतीनं तिला सुलटी केली, वळवली आणि पट्ट्यावर उतरवली. चाकं टेकल्यावर, मोटर थांबल्यावर त्यानं मागं बघितलं. मामा गुणाजीचा हात धरून तिच्याकडं चालायलाही लागले होते. त्यांची पाठ तेवढी दिसली.

मलिदा झाला, गाडी आली, मामा गेले. जाताना त्यांनी महिपतीच्या दोन्ही अंगठ्यांना हात लावून आपल्या कपाळाला लावला. फ्लोरा पेणला आली आणि कारखान्यात आखणीच्या पाटाच्या वर टांगली गेली.

त्या रविवारी घरी येऊन महिपतीनं शांतीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. पालथी ती कशी गेली ते हातांनी करून दाखवलं. शांतीचं काम थांबलं होतं. ती म्हणाली, "आनि मामांचं तोंड कसं झालं व्हतं तवा?"

"बघितलं नाय."

"येवढं सगळं केलंत न् तोंड नाय बघितलंत? पाठीमागंच तर व्हते ते."

महिपती आपल्या अंगठ्यांकडं बघत राहिला.

"मी मान वळवली असती," तो म्हणाला, "तर त्यांना काय दिसलं असतं गो?"